सिनेमा पाहून झाल्यावरची पुस्तके

गावात चित्रपट आला की पूर्वी त्याची चौकशी कशी होत असे, ते ज्यांनी टुरिंग टॉकीजचे तंबू पाहिले आहेत त्यांना सांगायला नको. गाणी किती, मारामारी किती, देवाचा आहे का, बायकामुलांना घेऊन जाता येईल का, आणि शेवटी कोण मरतं, एवढ्या पाच प्रश्नांत सगळी समीक्षा आटपत असे. उत्तर देणारा आदल्या रात्री तंबूत बसून आलेला असे आणि त्याची आवडनिवड साऱ्या गावाला ठाऊक असे. आमच्या गल्लीतले एक आजोबा ज्या चित्रपटाला 'रडका हाय, जाऊ नका' म्हणत, तो बघायला बायका हटकून जात.

परवा मुरुमच्या आठवडी बाजारात एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला थांबवले. "सर, तुमी पिक्चरवरची पुस्तकं वाचता म्हणं. त्या अमक्या पिक्चरला तारे किती हाईत?" मी म्हटले, "तुम्ही पाहिला का?" तर म्हणाले, "पाह्यला की. पर तारे किती ते कळंना."

मला प्रथम हसू आले, मग विचारात पडलो. चित्रपट स्वतः पाहून झालेला आहे, तो आवडला की नाही हे मनाला कळलेले आहे, तरी कोणीतरी दिलेल्या ताऱ्यांची संख्या हवी आहे. हे तारे आले कोठून, त्यांचा उपयोग किती, आणि चित्रपटांवरच्या ज्या पुस्तकांत तारे नसतात ती कशासाठी वाचायची, एवढे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

चित्रपटाच्या हौशी माणसासाठी दोन तऱ्हेची पुस्तके निघतात. पहिली तऱ्हा मार्गदर्शिकेची. जाडजूड कोशासारखे पुस्तक, वर्णानुक्रमे हजारो चित्रपटांची नावे, प्रत्येकाचे साल, लांबी, दिग्दर्शक, नटनटी, दोन-चार ओळींत कथा आणि पुढे तारे. आडतीवर फळ्यावर तुरीचा भाव लिहिलेला असतो, तसलाच हा प्रकार. भाव कळणे जरुरीचे असते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण फळ्यावरच्या आकड्यावरून ती तूर कोणत्या रानात आली आणि वरण शिजल्यावर कसे लागेल, हे कळत नाही.

या तऱ्हेतले सर्वांत गाजलेले पुस्तक अमेरिकेतले. तिकडे घरोघर टेलिव्हिजन आला, रात्री उशिरापर्यंत त्यावर जुने चित्रपट लागू लागले, तेव्हा कोणत्यासाठी जागायचे आणि कोणता सोडून झोपायचे, हा प्रश्न पडू लागला. 1969 मध्ये लेनर्ड मॉल्टिन या अवघ्या अठरा वर्षांच्या मुलाचे 'टीव्ही मूव्हीज' हे पुस्तक निघाले. पुढे ते 'मॉल्टिनची मूव्ही गाइड' म्हणूनच ओळखले गेले. चार तारे म्हणजे उत्तम, आणि अगदीच टाकाऊ चित्रपटापुढे तारा नाही, नुसता 'बॉम्ब' हा शब्द. पुस्तक वाढत वाढत विटेएवढे जाड झाले. 2015 सालची म्हणून जी आवृत्ती निघाली, ती शेवटची. तोवर हीच माहिती फोनवर फुकट मिळू लागली होती, मग वीट विकत कोण घेणार?

इंग्लंडात लेस्ली हॅलिवेल यांनी 1965 मध्ये 'फिल्मगोअर्स कम्पॅनियन' आणि 1977 मध्ये 'फिल्म गाइड' ही पुस्तके केली. या गृहस्थांचे काम टेलिव्हिजनसाठी चित्रपट विकत घेण्याचे, म्हणजे भाव ठरवण्याची सवय हाडात मुरलेली. त्यांचे प्रेम 1930 ते 1950 च्या दरम्यानच्या चित्रपटांवर. नंतरच्या बहुतेकांना ते एकसुद्धा तारा द्यायला तयार नसत.

आता गंमत पाहा. 'टॅक्सी ड्रायव्हर' हा मार्टिन स्कोर्सेसी यांचा चित्रपट 1976 मध्ये कान महोत्सवातला सर्वोच्च मान मिळवून गेला. मॉल्टिनने त्याला चारांपैकी दोन तारे दिले, आणि पुढच्या आवृत्त्यांतही ते बदलले नाहीत. यात मॉल्टिन खोटा ठरतो असे मला वाटत नाही. त्याला तो चित्रपट तेवढाच भावला, आणि ते त्याने प्रामाणिकपणे छापले. एवढेच लक्षात ठेवायचे की तारे ही चित्रपटाची माहिती जितकी देतात, तितकीच तारे देणाऱ्याचीही देतात. म्हणून मार्गदर्शिका हाती आली तर आपण न पाहिलेले चित्रपट आधी शोधू नका. आपल्याला पाठ असलेले चार-पाच चित्रपट काढा आणि लेखकाने त्यांना काय म्हटले आहे ते वाचा. म्हणजे हा माणूस कोठे आपल्यासारखा आणि कोठे वेगळा, हे समजते. आजोबांचा 'रडका' हा शब्द बायकांना जसा उपयोगी पडे, तसे मग ते पुस्तक उपयोगी पडते.

फोनवरच्या ताऱ्यांची बाब आणखी निराळी. ते हजारो अनोळखी माणसांच्या मतांची सरासरी असतात. गणिताच्या शिक्षकांनी मुलांना विचारून पाहावे, की सरासरी माणूस कोणाला कधी रस्त्यात भेटला आहे काय? आजोबांशी भांडता येत असे. सरासरीशी भांडता येत नाही.

दुसरी तऱ्हा समीक्षेच्या पुस्तकांची. वर्तमानपत्रात शुक्रवारी-शनिवारी येते ते परीक्षण. ते चित्रपट पाहण्यापूर्वी वाचायचे असते, म्हणून त्याला कथेचा शेवट सांगता येत नाही. समीक्षेचे पुस्तक मात्र चित्रपट पाहून झाल्यावर वाचायचे. लेखक गृहीतच धरतो की तुम्ही तो पाहिलेला आहे, आणि म्हणतो, चला, आता पुन्हा एकदा सावकाश पाहू.

मराठीत अशा लिहिण्याची सुरुवात फार जुनी आहे, आणि ती करणारा माणूस चित्रपट काढणाराच होता. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत लोकांपुढे आला, आणि 1917-18 मध्ये त्यांनी 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' ही लेखमाला लिहिली. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण कसे उभे राहिले, ही हकिगत त्यांनी तीत सांगितली आहे. बोलपट यायला अजून बरीच वर्षे होती, आणि मराठी मासिकाचा वाचक चित्रपटाविषयी वाचत होता.

अलीकडच्या काळातले एकच पुस्तक सांगायचे झाले तर मी अरुण खोपकर यांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे सांगेन. 1985 चे हे पुस्तक, त्याला चित्रपटविषयक उत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. 'प्यासा' (1957), 'कागज के फूल' (1959) आणि 'साहिब बीबी और गुलाम' (1962) हे तीन चित्रपट म्हणजे त्यातले तीन अंक. गुरुदत्त यांचे खाजगी आयुष्य चघळणारी पुस्तके पुष्कळ आहेत, हे त्यातले नव्हे. प्रकाश कोठून येतो, चेहरा किती जवळून दाखवला आहे, गाणे कथेत कसे शिरते, याचा हा विचार आहे.

'कागज के फूल' आला तेव्हा पडला. त्या आठवड्यात तारे मोजले असते तर फारसे भरले नसते. आज त्यातले एक दृश्य ज्याला त्याला ठाऊक आहे. रिकामा स्टुडिओ, वरून तिरका उतरणारा प्रकाशाचा जाड झोत, नायक आणि नायिका समोरासमोर उभे, आणि गीता दत्त यांचा आवाज. दोघांचेही ओठ हलत नाहीत. हा झोत कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांनी दिव्यांनी केलेला नाही. बाहेरचे ऊन मोठ्या आरशांवरून परतवून त्यांनी ते आत घेतले. उन्हाळ्यात आपल्या पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप घरात उतरते आणि तीत धुळीचे कण नाचताना दिसतात, तीच गोष्ट. हे एकदा कळले की ते गाणे नुसते ऐकले जात नाही.

आता माझीच एक चूक सांगतो.

आमच्या वर्गात एकदा 'फँड्री'वर बोलणे निघाले. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणजे आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले. चित्रपट फेब्रुवारी 2014 मध्ये चित्रपटगृहांत आला, मुलांनी तो फोनवर कितीतरी वेळा पाहिलेला. मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, "चित्रपट चांगला आहे, पण शेवट अपुरा वाटतो. जब्या दगड फेकतो आणि पडदा काळा. पुढे काय झालं ते दाखवायला हवं होतं." मुलांनी वहीत लिहूनही घेतले. एक मुलगा कधी बोलत नसे. तो मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, त्यो दगड कुणाकडं आला?" मी म्हणालो, "त्या चिडवणाऱ्या पोराकडे." तो म्हणाला, "न्हाई सर. आपल्याकडं आला."

वर्ग गप्प झाला. मीही झालो.

ज्यांनी 'फँड्री' पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जब्या हा शाळकरी मुलगा, त्याच्या घराला गावातली डुकरे पकडण्याचे काम लावलेले. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. चित्रपटभर गाव त्याला त्या शब्दाने हिणवते. शेवटी साऱ्या शाळेदेखत आणि गावादेखत त्याला घरच्यांबरोबर डुक्कर धरावे लागते, आणि लोक हसतात. ते हसणारे लोक कॅमेऱ्यासमोर आहेत आणि आपण कॅमेऱ्यामागे, सुरक्षित, असे आपल्याला वाटत असते. दिग्दर्शकाने शेवटच्या क्षणी कॅमेरा अशा जागी ठेवला की दगड सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर यावा. हसणाऱ्यांच्या रांगेत आपण केव्हा जाऊन बसलो, ते आपल्याला कळलेच नव्हते. पुढे काय झाले हे दाखवले असते, तर आपण पुन्हा प्रेक्षक झालो असतो.

हे त्या मुलाला कोणी शिकवले नव्हते. तो कोणत्या घरातला, काय सोसून वर्गात बसलेला, हे मी येथे लिहीत नाही. त्याने पाहिले होते आणि मी पाहिले नव्हते, हे खरे. तास संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, असलं कुणी पुस्तकात लिव्हलेलं असतंय का?" मी म्हटले, असते. त्याने विचारले, आपल्याकडे आहे का? तेव्हा माझ्या कपाटात चित्रपटावरचे एकही पुस्तक नव्हते. मराठीचा अभ्यासक्रम शिकवता शिकवता एवढी वर्षे गेली, पण मुलांचा ज्या कलेशी रोजचा संबंध आहे, तिच्यावरचे एक पान मी त्यांच्या हाती दिलेले नव्हते.

त्यानंतर मी स्वतः वाचायला लागलो, आणि जुन्या 'फँड्री'कडे परत गेलो. डुक्कर पकडण्याची धावपळ ऐन भरात असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात, डुक्कर मात्र पळत राहते. आणि पकडलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रे रंगवलेली आहेत. कोणीही एक शब्द बोलत नाही. ही दृश्ये मी पहिल्या खेपेलाही डोळ्यांनी पाहिली होतीच. थांबून पाहण्याची सवय मात्र नव्हती. समीक्षेचे पुस्तक ही सवय लावते. लेखकाशी आपले मत जुळलेच पाहिजे असे मुळीच नाही. आपण चित्र पुढे ढकलत नेतो, तो बोट धरून मागे आणतो.

ही गोष्ट शहरातल्या इंग्रजी शिकलेल्या मंडळींची, असा एक समज आहे. तो कसा चुकीचा आहे याचे उदाहरण आपल्या सीमेपलीकडे, कर्नाटकातच आहे. मुरुम-आळंदच्या पट्ट्यात निम्म्या घरांतून कानडी कानावर पडते, तेव्हा हे उदाहरण आपल्याला परके वाटू नये. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे लहानसे गाव आहे, सुपारीच्या बागांचे. तेथे के. व्ही. सुब्बण्णा नावाच्या गृहस्थांनी नाटकाची 'नीनासम' ही संस्था चालवली. 1970 नंतरच्या दशकात त्यांनी गावकऱ्यांना सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली', इटलीतला 'बायसिकल थीव्हज', जपानचा 'राशोमोन' असले चित्रपट दाखवायला सुरुवात केली. आधी माहिती सांगायची, मग चित्रपट दाखवायचा, मग चर्चा करायची. चित्रपट समजून घेण्यासाठी कानडीत पुस्तके हवीत, म्हणून तीही त्यांनी लिहिली आणि छापली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर तेथे चित्रपटांच्या पेट्या घेऊन जात. सायकल चोरीला गेलेल्या माणसाचे दुःख समजायला इटालियन यावे लागत नाही, हे त्या गावकऱ्यांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. सुब्बण्णांना 1991 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुण्याचे ते संग्रहालय 1964 मधले. शेजारी प्रभातच्या जुन्या जागेत 1960 मध्ये सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट. तेथे सतीश बहादूर चित्रपट रसग्रहण शिकवत. हे मूळचे आग्र्याला अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, तेथे फिल्म सोसायटी चालवता चालवता या विषयात शिरले. एकच 'पथेर पांचाली' घेऊन ते तुकड्या-तुकड्याने थांबत शिकवत. आपल्या शाळेतले मराठीचे गुरुजी एका कवितेवर जसे दोन तास घालवत, तसेच. मुंबईत 1968 पासून प्रभात चित्र मंडळाने हेच काम मराठी माणसांत केले. सुधीर नांदगावकर हे त्यातले प्रमुख नाव, आणि 'वास्तव रूपवाणी' हे मंडळाचे नियतकालिक.

मराठीत वाचायचे काय, असे शिक्षक मित्र विचारतात. चित्रपटाचा इतिहास आणि घडण समजून घ्यायला अनिल झणकर यांचे 'सिनेमाची गोष्ट' आणि अशोक राणे यांचे 'सिनेमाची चित्तरकथा' ही बरी सुरुवात आहे. मराठवाड्यातल्या माणसाने लिहिलेले हवे असेल तर विजय पाडळकर यांची पुस्तके काढा. नांदेडसारख्या ठिकाणी राहून त्यांनी 'सिनेमाचे दिवस पुन्हा', 'देवदास ते भुवन शोम' ही पुस्तके लिहिली, आणि त्यांची भाषा वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्यासारखी आहे. परदेशी चित्रपटांची ओळख हवी असेल तर गणेश मतकरी. प्रभात कंपनीची हकिगत बापू वाटवे यांच्या 'एक होती प्रभातनगरी'त आहे. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' ही समीक्षा नव्हे, आत्मकथा आहे. तरी ती वाचा. पडद्यावरच्या बाईला पडद्यामागे काय किंमत मोजावी लागते, ते तीत आहे, आणि त्यावरूनच श्याम बेनेगल यांनी 1977 मध्ये 'भूमिका' केला. नटनट्यांच्या भानगडींची पुस्तके मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ती फुकटही महाग पडतात.

ग्रंथालयात ही पुस्तके सापडत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. पुष्कळदा ती असतात, पण कोणी शोधत नाही. दशांश वर्गीकरणात चित्रपटाचा क्रमांक 791.43 आहे. ग्रंथपालांना हा क्रमांक सांगा. काही ठिकाणी ही पुस्तके खेळ आणि जादूच्या प्रयोगांशेजारी उभी असतात, कारण वर्गीकरणात ती सारी भावंडेच आहेत.

आणि वाचायचे कसे? पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू नका. मुलांना ठाऊक असलेल्या एका चित्रपटावरचे प्रकरण घ्या. आधी चित्रपटातला पाच मिनिटांचा तुकडा दाखवा, आवाज बंद करून. मग विचारा, कॅमेरा कोठे उभा होता? कोणाच्या उंचीवर? कोण दिसले आणि कोण नुसते ऐकू आले? मुले जी उत्तरे देतील ती फळ्यावर लिहा, आणि त्यानंतर लेखकाचे पान वाचून दाखवा. मुलांच्या उत्तरांतले एखादे लेखकाच्या हातून सुटलेले असते. ते मिळाले की वर्गात काय आनंद होतो, तो पाहण्यासारखा असतो.

आमच्याकडे यंदा 'संत तुकाराम' घेण्याचे ठरले आहे. दामले-फत्तेलाल यांचा प्रभातचा 1936 चा चित्रपट. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम तीन चित्रपटांत त्याची गणना झाली. त्यातले बीज आणि झाडावरचे गीत आमच्या भजनी मंडळात तुकोबांचा अभंग म्हणून गातात. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले आहे, हे सांगितले तेव्हा आमच्या बुवांना पटेना. ते म्हणाले, "चाल तुकोबाची, शब्द तुकोबाचे, मग माणूस दुसरा कसा?" या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, चित्रपट पाहायला या म्हणून सांगितले. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता कॉलेज सोडून उमरग्याला कामाला लागला आहे. त्यालाही निरोप धाडला आहे. खोपकरांचे पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. पहिल्यांदा परत आणायला आला, तेव्हा म्हणाला, "सर, चार पानं कळली, बाकीची न्हाईत." मी म्हणालो, राहू दे तुझ्याकडेच, 'कागज के फूल' आणखी एकदा बघ. येताना पुस्तक घेऊन ये, असे या खेपेला कळवले आहे. त्यातले प्रकाशाच्या झोताचे पान बुवांना वाचून दाखवायचे आहे.